शाळेने स्वतःलाच द्यावयाचे गुण

मदरसा म्हटला की केवळ धर्मपाठाची शाळा आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. इंडोनेशियातील प्रकार निराळा आहे. तेथील ‘मदरसा इब्तिदाइया’ ही सहा इयत्तांची प्राथमिक शाळाच होय. १९७५ साली तीन मंत्र्यांनी संयुक्त हुकूम काढला, आणि सुमारे सत्तर टक्के अभ्यास गणित-भाषादी सामान्य विषयांचा व तीस टक्के धर्माचा, अशी वाटणी तेथे रूढ झाली. कारभार मात्र धर्मव्यवहार मंत्रालयाकडे. त्यातून दहांपैकी नऊंहून अधिक शाळा खाजगी! अशा विखुरलेल्या शाळांचा दर्जा राखायचा तरी कसा?

त्यासाठी संगणकाची मदत घेतली गेली. २०१९ साली जागतिक बँकेने पंचवीस कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले, आणि त्या योजनेतून दोन साधने सिद्ध झाली. पहिले स्वमूल्यमापनाचे. मुख्याध्यापक, शिक्षक व पालकांचे प्रतिनिधी यांनी एकत्र बसून शिस्त, अध्यापन, इमारत, पैसा यांबाबत आपली शाळा कोठे आहे ते स्वतःच नोंदवायचे. दुसरे साधन अंदाजपत्रकाचे. त्यातली खुबी पाहा : मूल्यमापनात जेथे शाळा उणी पडली, तेथेच खर्चाला अग्रक्रम द्यावा अशी ही जोडणी आहे. सरकारी अनुदानाचा रुपया (तेथला रुपियाह!) कशावर खर्चायचा, हे त्यावरून ठरावे.

आता शिक्षकबंधूंनो, खरी मेख येथेच आहे. आपले उणे आपल्याच हाताने लिहायला कोण धजतो? तपासनीस येणार म्हणून भिंती रंगवणे आपल्या परिचयाचे आहे. पण चौथीतल्या मुलांना वाचता येत नसताना ‘अध्यापन उत्तम’ असे भरले, तर यंत्र बिचारे खरेच मानते; मग वाचनाच्या पुस्तकांऐवजी पैसा कुंपणाकडे जातो. कागदी दप्तरात खोटे निदान कपाटात पडून राही. येथे ते थेट खर्चाला वळण लावते. माझ्या मते गुण कमी भरणाऱ्या मुख्याध्यापकाला वरिष्ठांनी जाब न विचारणे, हीच या योजनेची पहिली अट असावी.

यावर ताळा म्हणून २०२१ पासून पाचवीच्या मुलांची संगणकावर चाचणी सुरू झाली. वाचन, अंकज्ञान, विज्ञान आणि समाज-संस्कृतीची जाण, असे तिचे चार भाग. मूल जसे उत्तर देईल तसे पुढले प्रश्न सोपे वा अवघड होतात. पास-नापास नाही, कोणत्या मुलाला कोठे हात द्यायचा, एवढेच ती शिक्षकाला सांगते.