स्वयंघोषित रक्षक गट आणि सार्वजनिक सुरक्षा : सलवा जुडूमचे उदाहरण

प्रस्तावना
वैध बळाचा वापर करण्याचा अधिकार राज्यसंस्थेकडेच असतो, हे आधुनिक राज्याचे लक्षण मॅक्स वेबर यांनी सांगितले. जिथे पोलीस पोहोचत नाहीत, तिथे लोक स्वतःच्या रक्षणासाठी एकत्र येतात. मात्र असा गट संशयितांना शोधून शिक्षाही देऊ लागला, की तो स्वयंघोषित रक्षक गट ठरतो.

कायद्याची मर्यादा
नागरिकाला स्वसंरक्षणाचा हक्क आहे. डोळ्यांदेखत दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा घडल्यास तो आरोपीला पकडूही शकतो. परंतु भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार त्याला सहा तासांच्या आत पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. शिक्षा देण्याचा अधिकार नागरिकाला नाही.

बस्तरमधील अनुभव
छत्तीसगडच्या दंतेवाडा भागात पोलीस यंत्रणा तोकडी होती आणि माओवाद्यांचा जोर मोठा होता. जून २००५ मध्ये तेथे सलवा जुडूम सुरू झाले. विरोधी पक्षनेते महेंद्र कर्मा यांनी त्याचे नेतृत्व केले आणि राज्य सरकारने पाठबळ दिले. गावकऱ्यांना रस्त्यालगतच्या छावण्यांत आणले गेले. जे आले नाहीत त्यांच्यावर माओवादी असल्याचा संशय घेतला गेला, तर जे आले त्यांना माओवाद्यांनी शत्रू मानले. तटस्थ राहण्याची जागाच उरली नाही. हजारो आदिवासी शेजारच्या आंध्र प्रदेशात निघून गेले.

स्थानिक आदिवासी तरुणांना 'विशेष पोलीस अधिकारी' नेमून शस्त्रे देण्यात आली. २०११ पर्यंत त्यांची संख्या सुमारे ६,५०० झाली. शिक्षण जेमतेम पाचवीपर्यंत, प्रशिक्षण दोन महिन्यांचे आणि मानधन महिना ३,००० रुपये. जाळपोळ व अत्याचाराचे आरोप त्यांच्यावर झाले. तसेच ते स्वतःही बळी पडले. मार्च २००७ मध्ये राणीबोदली येथील पोलीस छावणीवरील हल्ल्यात ५५ जण मारले गेले, त्यांत बहुसंख्य हेच तरुण होते.

न्यायालयाचा निर्णय
नंदिनी सुंदर विरुद्ध छत्तीसगड राज्य या खटल्यात ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माओवादविरोधी कारवाईत या तरुणांचा वापर थांबवून त्यांची शस्त्रे परत घेण्याचा आदेश दिला. अपुऱ्या शिक्षणाच्या व प्रशिक्षणाच्या तरुणांना जीवघेण्या कामावर नेमणे हे राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ व २१ चे उल्लंघन आहे, असे न्यायालयाने म्हटले. शस्त्र काढून घेतल्यावर त्यांच्या जिवाला धोका होता, म्हणून त्यांना संरक्षण देण्यासही सांगितले. पुढे राज्याने कायदा करून सहायक सशस्त्र पोलीस दल उभारले.

निष्कर्ष
पोलीस कमी पडतात ही अडचण खरी आहे. परंतु राज्याने आपले काम गटांवर सोपवले, की उत्तरदायित्व नाहीसे होते आणि किंमत सर्वात दुर्बळ माणूस मोजतो. म्हणून उपाय प्रशिक्षित व जबाबदार पोलीस दलातच शोधावा लागतो.

विचार करा : गावातील रात्रीची गस्त आणि स्वयंघोषित रक्षक गट यांतील सीमारेषा नेमकी कोठे आखावी?