बाजरीत लोह आहे, पण अंगी लागतं किती?

प्रौढ स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागतं आणि पुरुषाला १९, असं राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२० ची शिफारस सांगते. 'धनशक्ती' या लोहसमृद्ध बाजरीच्या वाणात किलोमागे सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह असतं. म्हणजे शंभर ग्रॅम पिठाच्या भाकरीत सातेक मिलिग्रॅम.

ते सगळं रक्तात मात्र उतरत नाही. धान्य-कडधान्यातलं फायटेट लोहाला बांधून ठेवतं. मटकी भिजवून मोड आणले की फायटेट कमी होतं, आणि उसळीवर लिंबू पिळलं की 'क' जीवनसत्त्वामुळे लोहाचं शोषण वाढतं. पानात डाव्या बाजूला लिंबाची फोड वाढणाऱ्यांनी हा हिशेब केला नसेल, पण तो बरोबर आहे. पेरू, आवळाही चालतो.

जेवणावर लगेच चहा? नकोच. त्यातले टॅनिन शोषण रोखतात, तासभर थांबावं.

लोखंडी कढईत चिंच-कोकमाची आमटी शिजवली तर थोडं लोह आमटीत उतरतं. ती त्यातच ठेवू नये, काळी पडते. गुळाचं कौतुक मात्र जरा जास्तच होतं. चहात घातलेल्या चमचाभर गुळाने फारसं काही साधत नाही.

हिमोग्लोबिन कमी निघालं, तर नुसत्या आहारावर विसंबू नये. गोळ्यांचं डॉक्टरांना विचारावं.