छत्तिसावा दिवस

कोजागरी जवळ आली की सोलापूर-तुळजापूर रस्ता माणसांनी भरून जातो. भाविक चालत येतात आणि वाटेत जागोजागी चहा, फराळ, पाणी असतं. त्या दिवसांत इथे कुणी उपाशी झोपत नाही. गर्दी ओसरली की मागे राहिलेले दिसायला लागतात. कुणी दुकानाच्या फळीखाली असतो, कुणी एसटी स्टँडच्या कोपऱ्यात, अंगावर कुणीतरी दिलेली चादर घेऊन. ‘पिऊन पडलाय’ असं म्हणत आपण पुढे जातो. मीही गेलो आहे.

धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाला घर सुटणं म्हणजे काय ते सांगावं लागू नये. इथे दुष्काळ आहे, ऊसतोडीला दाराला कुलूप लावून जाणारी कुटुंबं आहेत. 1993 च्या भूकंपात लोहारा-उमरग्याकडच्या गावांतली घरं एका पहाटेत गेली. तरीही रस्त्यावरच्या दारुड्याला बघताना आपल्याला बाटली आधी दिसते. तो इथपर्यंत कसा आला, हे मनात येतच नाही.

अशा माणसाला न्यायचं कुठे, असं विचारलं तर मराठी घरांत पहिलं नाव निघतं ते पुण्याच्या मुक्तांगणचं. डॉ. अनिल अवचट यांनी गर्दच्या (ब्राउन शुगरच्या) विळख्यात सापडलेल्या मुलांवर लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, आणि पैशाचा पहिला आधार त्यांनीच दिला. डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्याच आवारात 29 ऑगस्ट 1986 रोजी मुक्तांगण सुरू झालं. अनिता अवचट, संस्थेतल्या ‘मॅडम’, 1997 साली कर्करोगाने गेल्या, आणि अनिल अवचट, तिथले ‘बाबा’, जानेवारी 2022 मध्ये. आता त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर काम पाहतात. दाखल झालेल्याला तिथे ‘रुग्णमित्र’ म्हणतात, आणि त्याच्याशी बोलणाऱ्या कार्यकर्त्यांतले अनेक जण कधीकाळी स्वतः त्याच खाटेवर पडलेले असतात. मला या संस्थेचं सगळ्यांत मोठं शहाणपण हेच वाटतं. थरथरणाऱ्या हातांना कप धरवत नाही, हे ज्याने स्वतः भोगलंय त्याला ते समजावून द्यावं लागत नाही.

तिथला उपचार पस्तीस दिवसांचा असतो, आणि त्यातले पहिले दिवस शरीराचे. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की काही तासांत घाम फुटतो, हात कापतात, झोप उडते. पुढच्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भिंतीवर किडे चालताना दिसतात, नसलेले आवाज ऐकू येतात आणि आपण कुठे आहोत तेच कळेनासं होतं. वेळेवर औषध मिळालं नाही तर माणूस दगावू शकतो. म्हणून ‘चार दिवस खोलीत कोंडा, आपोआप सुटेल’ हा गावाकडचा सल्ला जिवावर बेतू शकतो.

रस्त्यावरच्या माणसाचं शरीर तर आधीच रिकामं झालेलं असतं. पोटात अन्न नाही, दारूने शरीरातलं ब-1 जीवनसत्त्व संपवलेलं. अशा माणसाला ब-1 न देता नुसतं ग्लुकोजचं सलाइन लावलं, तर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. पायाची चिघळलेली जखम, जुना खोकला, कदाचित क्षय, हे सगळं दारूच्या आड दडलेलं असतं. त्याला केंद्रात आणणाऱ्याला आधी डॉक्टर लागतो, समुपदेशक त्यानंतर.

शरीर सावरलं की मनाचं काम सुरू होतं. योगासनं, गटात बसून बोलणं, ‘फक्त आजचा दिवस’ पिणार नाही असं स्वतःला सांगणं. घरच्यांनाही बोलावतात, पत्नींसाठी वेगळा गट असतो. बाहेर पडल्यावर पाठपुराव्याच्या बैठका असतात, आणि व्यसन सुटल्याचा वाढदिवसही साजरा होतो.

ही सगळी रचना एका गोष्टीवर उभी आहे: परत जायला घर आहे. दार उघडणारी आई आहे, पुन्हा पाय घसरला तर फोन करणारा भाऊ आहे. फुटपाथवरून आलेल्या माणसाकडे यातलं काहीच नसतं. पस्तीस दिवस तो अगदी मनापासून न पिता राहील. छत्तिसाव्या दिवशी त्याने कुठे जायचं? त्याच कोपऱ्यात, जिथे रात्रीची थंडी आणि भीती दोन्ही एका क्वार्टरने मरतात? मग तो पुन्हा प्यायला की आपण म्हणतो, हा सुधारणाऱ्यातला नाहीच.

खाटाच मुळात फार थोड्यांना मिळतात. केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेला अहवाल 2019 मध्ये आला. त्यानुसार देशात दारूचं अवलंबन असलेल्या 38 जणांतल्या एकालाच काही ना काही उपचार मिळतो आणि दाखल होऊन उपचार 180 जणांतल्या एकाला. या 180 जणांत बेघर माणूस रांगेच्या टोकाला असणार. त्याला घेऊन येणारं कुणी नसतं आणि नातेवाइकाच्या सहीची जागा कोरी राहते. शहरी बेघरांसाठी दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा असावा असं धोरण आहे, पण पिऊन आलेल्याला निवारा आत घेताना कचरतो.

न्यूयॉर्कमध्ये 1992 साली सॅम त्सेम्बेरिस यांनी क्रमच उलटा केला. आधी खोली द्यायची, दारू सोडण्याची अट घालायची नाही, उपचार माणूस स्थिरावल्यावर. तिथे बरीच माणसं घरात टिकली. आपल्याकडे तेवढ्या खोल्या कुठून आणायच्या, हा प्रश्न खरा आहे. पण तुळजापूरच्या रस्त्यावर चार दिवस अन्नछत्रं उभारणाऱ्या जिल्ह्याला दहा खाटांचा, सहा महिने राहता येईल असा एक मुक्काम उभारता येणार नाही, हे मी मानायला तयार नाही. उपचार झालेल्याने तिथे राहावं, काम शोधावं, आधारकार्ड काढावं, संध्याकाळी गटात बसावं.

आणि काहींचं घर असतंच, फक्त सापडत नसतं. डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी यांची श्रद्धा संस्था 1988 पासून रस्त्यावरच्या मनोरुग्णांसाठी काम करते. डॉ. भरत वाटवानी यांना 2018 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कर्जतच्या केंद्रात औषधांनी माणूस शांत होऊ लागतो, मग हळूहळू बोलतो. गावचं अर्धवट नाव, जवळची नदी, शाळा, बाजाराचा वार. कार्यकर्ते त्या धाग्यावरून गाव शोधतात आणि त्याला बरोबर घेऊन रेल्वेत बसतात. ते आजार वेगळे, दारू वेगळी, पण दारूतून उठलेल्या माणसालाही असंच कुणीतरी सोबत लागतं. स्टेशनवर उतरल्यावर गल्लीच्या तोंडाशी त्याचे पाय अडखळतात, तेव्हा शेजारी उभं राहणारं.