उंदराची रात्र मोजताना

सकाळी अकराच्या सुमारास संशोधक पिंजऱ्याचं झाकण काढतो, उंदराला शेपटीला धरून उचलतो आणि उजेडातल्या एका मोकळ्या चौकोनात सोडतो. पुढच्या काही मिनिटांत उंदीर किती चालला, किती वेळ भिंतीला चिकटून राहिला, मध्यभागी यायचं धाडस किती वेळा केलं, हे टिपलं जातं. केल्विन हॉल या मानसशास्त्रज्ञाने 1934 मध्ये मोठ्या उंदरांवर वापरलेली ही चाचणी आजही जगभर चालते. पण उंदीर निशाचर. त्याच्यासाठी ही भर झोपेची वेळ. झोपमोड झालेल्या, घाबरलेल्या जिवाच्या त्या थोड्याशा मिनिटांवरून त्याचा स्वभाव ठरवावा, हे मला पटत नाही.

आणि घाबरण्याचं कारण बहुतेक वेळा आपणच असतो. लिव्हरपूलच्या जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी 2010 मध्ये दाखवलं, की शेपटीऐवजी नळीतून उचललेले उंदीर माणसाला कमी बिचकतात. 2014 मध्ये मॅकगिल विद्यापीठाच्या जेफ्री मोगिल यांच्या गटाने तर पुरुषाच्या नुसत्या वासाने, त्याने अंगात घातलेल्या टी-शर्टच्या वासानेसुद्धा, उंदरांवर ताण येतो हे सिद्ध केलं. त्याआधी 1999 मध्ये पोर्टलंड, ऑल्बनी आणि एडमंटन इथल्या तीन प्रयोगशाळांनी त्याच त्या वंशांचे उंदीर, एकसारखी उपकरणं आणि एकच वेळापत्रक घेऊन त्याच चाचण्या केल्या. जमेल तेवढं सगळं सारखं ठेवलं, तरी काही निकाल जुळले नाहीत.

मग उंदराला हातच लावू नये, तो राहतो तिथेच त्याला मोजावं, हा विचार पुढे येतो. तो नवा नाही. जॉन्स हॉपकिन्समध्ये कर्ट रिक्टर यांनी 1922 च्या सुमारास पिंजराच हवा भरलेल्या रबरी डब्यांवर टेकवला होता. आतल्या हालचालीचा दाब नळीतून लेखणीपर्यंत जाई आणि कागदावर रेघ उमटे. नंतर पिंजऱ्याला फिरतं चाकही जोडलं गेलं. पुढची अनेक दशकं हे चाकच या क्षेत्राचं मुख्य साधन राहिलं. आपल्याकडे मदुराईच्या विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन यांच्या गटाने शेतात राहणाऱ्या चिमुकल्या उंदरांच्या रात्री अशाच चाकांवर नोंदवल्या.

चाकातून काय हाती लागू शकतं, याचं सर्वांत सुंदर उदाहरण नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातलं आहे. जोसेफ ताकाहाशी आणि मार्था विटाटर्ना यांच्या गटाने नर उंदरांना जनुकांत बदल घडवणारं रसायन टोचलं आणि त्यांची तीनशेच्या आसपास पिल्लं एकेकटी, चाकासह, पूर्ण अंधारात ठेवली. चाकाच्या फेऱ्या संगणक मोजत होता. हा आलेख वाचायला सोपा असतो: एका दिवसाची एक आडवी ओळ, चाक फिरलं तिथे काळी खूण, खाली दुसऱ्या दिवसाची ओळ. अंधारात सूर्याचा आधार नसतो, म्हणून उंदीर स्वतःच्या शरीराच्या घड्याळावर चालतो. प्रयोगातल्या उंदरांच्या वंशाचं घड्याळ चोवीस तासांहून थोडं कमी असतं. त्यामुळे धावायला सुरुवात रोज काही मिनिटं लवकर होते आणि काळा पट्टा पानावर डावीकडे सरकत उतरतो. एका पिल्लाचा पट्टा मात्र उजवीकडे निघाला. त्याचा दिवस जवळजवळ 24.8 तासांचा होता. बदललेलं जनुक आईबापांकडून दोन्ही बाजूंनी आलेल्या उंदरांचा दिवस 27–28 तासांपर्यंत लांबला आणि काही दिवसांनी लयच विस्कटली. 1994 मध्ये हे प्रसिद्ध झालं. 1997 मध्ये ते जनुक नेमकं सापडलं. त्याचं नाव ‘क्लॉक’.

पण चाक तटस्थ नाही. धावून धावून उंदराच्या मेंदूत नव्या चेतापेशी वाढतात, घड्याळाची गतीही बदलते. एका रात्रीत कित्येक किलोमीटर धावणारा उंदीर आणि चाक नसलेला उंदीर हे शरीराने सारखे राहत नाहीत. ही धाव म्हणजे कैदेतलं वेड, असंही म्हटलं जाई. लायडनच्या योहाना मेयर आणि युरी रोबर्स यांनी मोकळ्या निसर्गात चाक ठेवून पाहिलं, तर रानातले उंदीर आपणहून येऊन धावले. बेडूक आणि गोगलगायीसुद्धा चढल्या!

धाव वेड नसली, तरी चाक उंदराला बदलतं हे उरतंच. म्हणून आता चाकाशिवाय मोजण्याची साधनं आली आहेत. पिंजऱ्याच्या आरपार जाणारे अवरक्त किरण उंदराने किती वेळा तोडले, हे मोजता येतं. दारावरचे दिवे आपोआप लावणारा स्वस्त सेन्सर झाकणावर बसवून ऑक्सफर्डच्या संशोधकांनी झोपेचाही अंदाज काढला. पिंजऱ्याखाली विद्युतपट्टी ठेवून सेकंदाला चार वेळा उंदीर कुठे आहे हे टिपणारी यंत्रणाही बाजारात आहे. अडचण उरते ती सोबतीची. उंदीर कळपात राहणारा. एकटा ठेवला तर हिरमुसतो, चौघांना एकत्र ठेवलं तर कोण हललं ते पट्टीला कळत नाही. त्यासाठी कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवावी लागते.

एवढा खटाटोप कशासाठी, याचं उत्तर केंब्रिजमध्ये सापडतं. जेनी मॉर्टन यांच्या गटाने 2005 मध्ये हंटिंग्टन या आनुवंशिक मेंदूरोगाचं जनुक असलेल्या उंदरांची दिवसरात्रीची हालचाल नोंदवली. रोग वाढत गेला तसा रात्रीचा पट्टा फिकट झाला आणि खुणा दिवसभर पसरल्या. त्याच अभ्यासात रुग्णांच्या मनगटावर बांधलेल्या यंत्रांनीही त्यांची बिघडलेली रात्र दाखवली. दोन वर्षांनी याच गटाने अशा उंदरांना ठरावीक वेळी झोपेचं औषध दिलं, तेव्हा त्यांच्या आकलनाची घसरण मंदावली. सकाळी अकराच्या त्या चौकोनात यातलं काहीही दिसलं नसतं.