संपादक येऊन गेला, पण नोंद झाली का? सर्व्हरच्या लॉगमधला ‘रेफरर’ वाचताना

संस्थेची, ग्रंथालयाची किंवा अभ्यासगटाची वेबसाइट सांभाळणाऱ्या तरुणांना एक प्रश्न नेहमी पडतो. आपले लिखाण वाचायला कोण येते आणि कुठून येते? या प्रश्नाचे अर्धेमुर्धे उत्तर सर्व्हरच्या लॉगमध्ये असते. ते अर्धेमुर्धेच असते, हे विसरले की गैरसमज सुरू होतात. असे गैरसमज सर्वाधिक झाले ते डीमॉझच्या काळात, म्हणून तेच उदाहरण घेऊ.

आधी लॉग म्हणजे काय ते पाहू. कोणी आपले पान उघडले की सर्व्हर एक ओळ लिहून ठेवतो. त्या ओळीत पाहुण्याचा आयपी पत्ता, वेळ, मागितलेले पान, दिलेल्या उत्तराचा क्रमांक (पान मिळाले तर २००, नसले तर ४०४) आणि ब्राउझरचे नाव असते. शिवाय एक रकाना ‘रेफरर’चा असतो, म्हणजे पाहुणा ज्या पानावरच्या दुव्यावर टिचकी मारून आला त्या पानाचा पत्ता. (या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमधला एक ‘आर’ सुरुवातीलाच गळाला आणि १९९६ च्या मानकात तो शब्द तसाच छापला गेला. आजही सर्व्हर तेच चुकीचे स्पेलिंग वापरतात.) हा पत्ता पाहुण्याचा ब्राउझर स्वतःहून सांगतो. सर्व्हर त्याची शहानिशा करत नाही.

आता डीमॉझ. रिच स्क्रेन्टा आणि बॉब ट्रुएल यांनी १९९८ मध्ये अमेरिकेत ही डिरेक्टरी सुरू केली. त्याच वर्षी नेटस्केपने ती विकत घेतली आणि तिचे नाव ओपन डिरेक्टरी प्रोजेक्ट झाले. तिचे वेगळेपण असे की, कोणती वेबसाइट कोणत्या विभागात ठेवायची हे यंत्र नव्हे, तर स्वयंसेवक संपादक ठरवत. बौद्ध विषयावरची साइट असेल तर ‘सोसायटी’, त्याखाली ‘रिलिजन अँड स्पिरिच्युअ‍ॅलिटी’, त्याखाली ‘बुद्धिझम’ अशी उतरंड होती. तिची यादी कोणालाही फुकट वापरता येई. गूगलची स्वतःची डिरेक्टरीही याच यादीवर उभी होती, आणि ती २०११ पर्यंत चालली. साहजिकच डीमॉझमध्ये नाव लागावे म्हणून साइटवाले धडपडत.

अडचण अशी होती की, साइट सुचवल्यावर पुढे काय झाले हे कोणी कळवत नसे. स्वीकारली तरी पत्र नाही, नाकारली तरी नाही. मग लोक लॉग चाळू लागले. एखाद्या दिवशी रेफररच्या रकान्यात डीमॉझचा असा पत्ता दिसे, ज्यात ‘एडिटर्स’ हा शब्द असे आणि पुढे ‘एडिटअनरेव्ह’ असे काहीतरी लिहिलेले असे. तो दुवा उघडायला गेले तर लॉगिन मागितले जाई, कारण ती संपादकांची आतली खोली होती. ‘अनरेव्ह’ म्हणजे अजून न तपासलेल्या साइट्सचा ढीग. पत्त्यात विभागाचे नावही येई.

याचा अर्थ एवढाच, की त्या ढिगातून कोणीतरी आपला दुवा उघडला. नोंद झाली असे त्यातून सिद्ध होत नाही, आणि नाकारली असेही नाही. संपादकाने साइट पाहून ती दुसऱ्या, अधिक योग्य विभागाच्या ढिगात सरकवलेली असू शकते. हे फार वेळा होई. आंबेडकरी साहित्याची साइट कोणी धर्माच्या विभागात सुचवली, तर संपादक ती साहित्याच्या किंवा प्रदेशाच्या विभागाकडे पाठवू शके, आणि तिथे ती पुन्हा कोणाच्या तरी सवडीची वाट पाहत बसे. या ढिगाला रांग म्हणणेही चूक होते. संपादक स्वयंसेवक होते, कोणत्या क्रमाने काम करायचे हे तेच ठरवत. कंटाळून पुन्हा साइट सुचवली तर नवी सूचना जुनीची जागा घेई आणि तारीखही नवी पडे. म्हणजे उतावळेपणा अंगाशीच येई.

रेफरर दिसला नाही म्हणजे कोणी पाहिलेच नाही, असेही नाही. संपादक पत्ता कॉपी करून नव्या खिडकीत टाकत असेल तर तो रकाना रिकामा राहतो. काही सुरक्षा सॉफ्टवेअर रेफरर गाळून टाकत. आणि २० ऑक्टोबर २००६ रोजी डीमॉझचा मुख्य सर्व्हरच कोसळला. १८ डिसेंबरपर्यंत संपादकांना काम करता आले नाही. त्या दोन महिन्यांत लॉग कितीही चाळला तरी हाती काय लागणार?

खरी माहिती रेफररपेक्षा त्याच्या आजूबाजूच्या ओळींत असे. पाहुण्याने फक्त मुखपृष्ठ पाहिले की आतली पाच-सहा पाने उघडली? उत्तराचा क्रमांक २०० होता की ५००? ज्या दिवशी तपासणी झाली नेमका त्याच दिवशी आपला सर्व्हर बंद होता का? नोंद झालेल्या साइट्सकडे ‘रोबोझिला’ नावाचा यंत्रमानवही फेरी मारून दुवे जिवंत आहेत का ते बघे. ब्राउझरच्या रकान्यात हे नाव दिसले तर तो माणूस नव्हे.

मराठी साइट्सच्या बाबतीत एक गोष्ट विशेष लक्ष देण्याजोगी आहे. युनिकोड रुळण्याआधी बरीच मराठी पाने खास फॉन्टवर अवलंबून असत आणि तो फॉन्ट पानाबरोबर वेगळी फाइल म्हणून पाठवला जाई. इंटरनेट एक्सप्लोरर ती फाइल उचले, फायरफॉक्स उचलत नसे. संपादकाच्या भेटीच्या ओळींत पान आहे, चित्रे आहेत, पण फॉन्टची फाइल मागितल्याची ओळ नाही, असे दिसले तर समजावे की बिचाऱ्याला मराठीऐवजी चित्रविचित्र इंग्रजी अक्षरे दिसली असावीत. अशी साइट तो कशी स्वीकारणार?

‘आपल्याला मुद्दाम डावलले’ हा संशय आपल्याकडे लवकर येतो, आणि त्याला इतिहासाची कारणे आहेत. डीमॉझमध्येही संपादक पक्षपात करतात, प्रतिस्पर्ध्याची साइट अडवतात, अशा तक्रारी होत. त्यासाठी तक्रारीची सोयही होती. पण तक्रार करायची तर पुरावा लागतो, आणि लॉगमधली एक ओळ हा पक्षपाताचा पुरावा होत नाही. ती फक्त भेटीचा पुरावा आहे, आणि तोही कच्चा, कारण रेफरर खोटा पाठवणे अगदी सोपे आहे. जाहिरातवाले तेच करतात. अनोळखी रेफरर दिसला म्हणून लगेच तो दुवा उघडू नये.

डीमॉझ १७ मार्च २०१७ रोजी बंद झाली. तिच्या संपादकांपैकी काहींनी ‘कर्ली’ नावाने ते काम पुढे चालू ठेवले आहे. दरम्यान ब्राउझरही बदलले. २०२० पासून क्रोम आणि त्यानंतर फायरफॉक्स दुसऱ्या साइटला रेफरर म्हणून पूर्ण पत्ता देत नाहीत, फक्त साइटचे नाव देतात. म्हणून मराठी विकिपीडियावरच्या एखाद्या स्वयंसेवकाने संदर्भ तपासताना आपले पान उघडले, तर लॉगमध्ये विकिपीडियाचे नाव येईल, पण कोणता लेख ते कळणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून येणारे वाचक तर बहुधा रिकाम्या रकान्यातच जमा होतात. ‘थेट आलेले’ म्हणून जो मोठा आकडा दिसतो, त्यात हेच वाचक बरेच असतात.

अजून एक गोष्ट. लॉगमधल्या आयपी पत्त्यावरून संपादक कोण हे शोधून त्याला मेल पाठवण्याचे उद्योग त्या काळी काही साइटवाले करत. ते करू नये. त्याच लॉगमध्ये आपल्या वाचकांचे पत्तेही असतात, आणि मोर्चाची, निवेदनाची किंवा अत्याचाराच्या बातमीची पाने कोणी, केव्हा उघडली हेही असते. वेबसाइट होस्टिंगच्या नियंत्रण-पानावर लॉग किती दिवस ठेवायचे याची निवड बहुधा असते. महिन्याचा हिशेब काढून झाला की जुने लॉग पुसून टाकावेत, आणि त्या खात्याचा पासवर्ड दहा जणांत वाटलेला असेल तर तो आजच बदलावा.