पुण्याचं सांडपाणी आणि सोलापूरचा नळ

उन्हाळ्यात "उजनी मायनसमध्ये गेली" अशी बातमी आली की सोलापुरात घरोघरी एकच चर्चा सुरू होते, नळ आता किती दिवसांआड येणार? पाण्याला वास का येतो, हे मात्र फार कमी लोक विचारतात. त्याचं बरंचसं उत्तर धरणाच्या वरच्या अंगाला आहे.

पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी पवना, मुळा, मुठा या नद्यांतून भीमेत येतं आणि भीमा ते उजनीत आणून सोडते. उजनीचा एकूण साठा सुमारे 117 टीएमसी. त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. मायनस म्हणजे हा तळाचा साठा वापरायला काढणं. पाणी कमी होतं, घाण कमी होत नाही.

मग पुण्यात मैलापाणी शुद्ध करत नाहीत का? करतात, पण सगळं नाही. केंद्रात आधी जाळीत चिंध्या-प्लास्टिक अडकतं, मग वाळू आणि गाळ खाली बसतो. खरं काम पुढच्या टाकीत होतं. तिथे जिवाणू घाण खातात, पण त्यासाठी त्यांना सतत हवा लागते, आणि हवा द्यायला चोवीस तास वीज. हवा बराच वेळ बंद राहिली तर जिवाणू मरायला लागतात आणि टाकी परत रुळावर यायला कितीतरी दिवस जातात. म्हणून केंद्र बांधलं, फीत कापली, एवढ्यावर भागत नाही. ते रोज चालतंय का, हे बघावं लागतं.

घाण किती, ते बीओडी या आकड्यावर कळतं. एक लिटर पाण्यातली घाण खाताना जिवाणूंनी किती मिलिग्रॅम प्राणवायू वापरला, तो हा आकडा. कच्च्या मैलापाण्यात तो साधारण 200 च्या आसपास असतो. आंघोळीच्या नदीत 3 च्या वर नको.

आता खरी गोम. केंद्र नीट चाललं तरी लघवी आणि साबण-पावडरमधला नायट्रोजन, फॉस्फरस साध्या पद्धतीने पुरता निघत नाही. ते म्हणजे खतच! धरणात पाणी थांबलेलं, वरून ऊन, मग जलपर्णी आणि शेवाळ माजणारच. (सगळा दोष पुण्यावर टाकू नका, शेतातलं खत आणि कारखान्यांचं पाणीही त्यात येतं.) घरी पाणी उकळलं की जंतू मरतात, पण विरघळलेली रसायनं उकळून जात नाहीत.

मुळा-मुठेसाठी जपानच्या जायका संस्थेशी 2016 मध्ये कर्जाचा करार झाला. 11 केंद्रं, रोज 396 दशलक्ष लिटर. भूमिपूजन व्हायला मार्च 2022 उजाडला. मधली सहा वर्षं तेच पाणी खाली येत राहिलं.

आणि आपण? सोलापूरच्या नाल्यांचं पाणी सीनेकडे जातं, सीना हत्तरसंग कुडलला भीमेला मिळते, भीमा पुढे कर्नाटकात. तळणीचं उरलेलं तेल मोरीत ओतलं, बकरी ईदला रक्त आणि ओझडी गटारात सोडली, तर चेंबर तुंबतं आणि तो भार खालच्या गावांवर जातो. ओझडी पालिकेच्या गाडीत द्या, तेल बाटलीत भरून कचऱ्यात टाका. आणि वॉर्डातला नगरसेवक मतं मागायला आला की त्याला विचारा, आपल्या मोहल्ल्याची ड्रेनेज लाइन केंद्राला जोडलीय की थेट नाल्यात सोडलीय?