डॉ. सय्यद झहूर कासिम : सागरविज्ञानातून सागरी गुंतवणुकीकडे

समुद्रातील संपत्तीवर हक्क सांगण्याआधी ती मोजावी लागते. अलाहाबादला जन्मलेले सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सय्यद झहूर कासिम (१९२६–२०१५) यांची कारकीर्द याच क्रमाने घडली.

वेल्समधील बँगोर येथे डॉक्टरेट मिळवून परतल्यावर त्यांनी कोचीच्या खाडीतील जैविक उत्पादकतेचा अभ्यास केला. वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, किती सेंद्रिय द्रव्य तयार करतात हे कळले, की त्या पाण्यावर किती मासळी पोसली जाऊ शकेल याचा अंदाज बांधता येतो. पुढे ते केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे संचालक झाले. त्याच काळात, १९७३ मध्ये, संस्थेला तुतीकोरिन येथे मोत्यांच्या संवर्धनात यश आले.

१९७४ मध्ये कासिम गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक झाले. संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी समुद्रतळावरून बहुधातू गोळ्यांचा पहिला नमुना वर काढला. मँगनीज, निकेल, तांबे आणि कोबाल्ट असलेले हे गोळे लाखो वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कासिम यांच्या नेतृत्वाखाली भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी तेथे उतरली.

पुढे महासागर विकास विभागाचे सचिव म्हणून बहुधातू गोळ्यांचे काम त्यांनी धोरणाच्या पातळीवर नेले. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या ठरावानुसार समुद्रतळावरील खनिजशोधात ‘अग्रणी गुंतवणूकदार’ ठरण्यासाठी किमान ३ कोटी डॉलर खर्च झालेला असणे आवश्यक होते. सर्वेक्षित क्षेत्राचे सममूल्य दोन भाग करून त्यातील एक आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणासाठी राखून ठेवण्याचीही अट होती. या अटी पूर्ण करून ऑगस्ट १९८७ मध्ये भारताने जगात सर्वप्रथम नोंदणी मिळवली. मध्य हिंदी महासागरातील दीड लाख चौरस किलोमीटर क्षेत्र भारताच्या वाट्याला आले. १९९१ ते १९९६ या काळात कासिम नियोजन आयोगाचे सदस्य होते.

त्यांच्या कार्यकाळानंतरही मोजमाप थांबले नाही. खाणकामामुळे तळाच्या जीवसृष्टीवर काय परिणाम होईल हे तपासण्यासाठी गोव्याच्या संस्थेने १९९७ मध्ये खोल समुद्रात गाळ ढवळण्याचा प्रयोग केला. २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय प्राधिकरणाशी शोधकार्याचा करार झाला आणि त्या दीड लाख चौरस किलोमीटर क्षेत्रापैकी अखेर ७५,००० चौरस किलोमीटर भारताकडे राहिले. २०२१ मध्ये केंद्राने ४,०७७ कोटी रुपयांच्या खोल महासागर मोहिमेला मंजुरी दिली. खोल समुद्रातील खनिजे आणि तेथील जैवविविधता, या दोन्हींचा अभ्यास तिच्या उद्दिष्टांत आहे.